गस्तीपुढे टाकलेला रुमाल

तुर्की गाडीतल्या पोरा,

तुझं नाव मला माहीत नाही. हे पत्र सीमेपार कोण नेणार? तरी लिहिते.

गुरुवारी तुमची आणि रशियनांची गस्त सीरियातल्या आमच्या कोबानीत आली नि रस्ता बंद झाला. एरवी तुम्ही एकमेकांच्या जिवावर उठलेले, आमच्यावर नजर ठेवायला मात्र एकत्र! मागे टेम्पोत माझी धाकटी सून बाळंतपणाच्या कळांनी तळमळत होती. मी डोक्यावरचा पांढरा रुमाल काढून तुझ्या गाडीपुढे टाकला. आमच्यात बाईनं असा रुमाल टाकला, की भांडणारे पुरुष हात आवरतात. पण परक्यांना काय कळणार?

तू उतरलास, रुमाल कपाळाला लावलास आणि चक्क आमच्या कुर्दीत म्हणालास, “आई, डोकं झाक. माझी आईसुद्धा हेच करते.” तुर्की वर्दीतला कुर्दच निघालास तू! मग रशियन साहेबाला खुणांनी समजावलंस. त्यानं आपली गाडी पुढं घालून दवाखान्यापर्यंत वाट मोकळी केली. तुमची दोस्ती पहिल्यांदाच कुणाच्या कामी आली बघ.

नात सुखरूप आहे. देव तुला उदंड आयुष्य देवो.

माझा थोरला तुमच्याशीच लढताना गेला, ते विसरणार नाही. येत्या गुरुवारी तुमच्या गस्तीवर फेकायला गावातल्या सगळ्यांबरोबर मीही दगड घेऊन उभी राहीन. फक्त तुझी गाडी आली, की माझा नेम चुकेल.

रुमालवाली म्हातारी,
खजाल