हीटरजवळ वाळवलेली हवा

९ जानेवारी

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. तुमच्या हवामापन केंद्राचा आकडा थंडीत हवा स्वच्छ असल्याचं सांगतो, म्हणून शाळेने सकाळी मैदानावर धावण्याची सक्ती पुन्हा सुरू केली, आणि दम लागणाऱ्या तुझ्या लेकीला, छकुलीलाही तू खुशाल धाडतोस. वर लिहितोस, समोरची पाण्याची टाकी आठवडाभर दिसलेली नाही. दादा, स्वच्छ हवेतून टाकी दिसायला नको का?

हवेतली धूळ पकडणारे गाळणकागद वजनाआधी रात्रभर हीटरजवळ वाळवतोस, हे तू मोठ्या अभिमानाने कळवलं आहेस. घोळ तिथेच आहे. आमच्या प्रयोगशाळेत मी रोज हेच बघते. गारठ्यात हवेतले काही वायू एकमेकांशी जुळतात आणि क्षार होऊन कणांवर बसतात. कण फुगतात, उजेड भलतीकडे उधळतात, म्हणून टाकी पुसली जाते. ऊब लागली की तेच क्षार पुन्हा वायू होऊन उडून जातात. तू तोलतोस ते उरलंसुरलं. तुझ्या टापटिपीने लहानपणी आम्हाला छळलं, आता ती पोरीच्या छातीवर बसली आहे.

एक कागद कोरड्या पण गार खोलीत ठेवून तोल. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१६ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. कालची पोर मला वजन करायला शिकवणार. तुला खोटं पाडायचं म्हणूनच एकाच सकाळचे दोन कागद घेतले, एक हीटरपाशी, एक गार खोलीत. गार खोलीतल्या कागदावरची धूळ जवळजवळ दुप्पट भरली. पुन्हा तोलला, तरी तेच.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, आकडा बदलला तर केंद्राची अब्रू जाईल. नियमात वाळवा म्हटलंय, तुम्ही वाळवलंत, विषय संपला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. शाळेच्या दारात आजही हवा स्वच्छ असल्याचा कागद लागला आहे आणि त्याखाली सही माझी आहे.

छकुलीला आज घरी ठेवलं. तिने विचारलं, मग बाकीच्यांना का नाही ठेवलं. मैदान आमच्या खिडकीतून दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. शिट्टी आत्ताच झाली.

हे पत्र तुझी वहिनी टाकेल. मी शाळेच्या दारातली माझी सही खोडायला आणि पोरांना आत घ्यायला निघालो. नोकरीचं व्हायचं ते होवो. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
दादा