आठ फुटांवरचा नेम

बालाघाट, बुधवार

प्रिय रजतराव जावईबापू,

‘प्रिय’ हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिला आहे, त्यावर जाऊ नका. काल फोनवर तुम्ही पहिलंच विचारलंत, “बाबूजी, कौनसी साइट बिठाई?” शनिवारी तुमच्या सासूच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्याबद्दल एक शब्द नाही. रविवारी दीपिकाला तुम्हीच आईच्या सेवेला म्हणून इथे सोडून गेलात, तिचीही खुशाली नाही. तेव्हा आधी तुमच्या प्रश्नाकडेच वळतो.

एकतीस वर्षं पोलिस लाइनीत मी आर्मोरर होतो. हत्यारं दुरुस्त करायची, त्यांचा नेम जुळवून द्यायचा, एवढंच माझं काम. पिस्तुलाची साइट म्हणजे नेम धरायच्या दोन गोष्टी: डोळ्याकडची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी. खाचेत माशी मधोमध दिसली, दोन्हीकडे सारखा उजेड राहिला, की झालं. रविवारी पिस्तुलासोबत तुम्ही अशा खाच-माशीचे तीन जोड आणलेत. एकाची माशी इतकी बारीक की ती शोधण्यातच डोळा थकावा. दुसऱ्यावर पांढरे ठिपके. तिसरा तुमचा लाडका, ऑनलाइन मागवलेला, हिरवा चमकणारा. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीलाही तो मी लावला नसता. शहाणा माणूस जाड, काळी, चौकोनी माशी आणि रुंद खाच घेतो. पण तुम्हाला निशाणा कुठे मारायचा होता? वारासिवनीच्या तुमच्या राइस मिलवर दरोडा पडेल म्हणून परवाना काढलात. त्या मिलमध्ये उंदरांखेरीज कोणी घुसल्याचं मी ऐकलेलं नाही.

मी विचारलं होतं, मारायचं किती अंतरावर? तुम्ही हसलात. “घर में ही बाबूजी, सात-आठ फीट. किचन में लाइट कम है, मक्खी दिखती नहीं.” मला तिथेच कळायला हवं होतं. मी तुम्हाला नुसते मूर्ख समजलो आणि मूर्खाची भीती वाटून घेतली नाही. ती चूक माझी.

पिस्तूल तुम्ही टेबलावर ठेवलंत, नळी स्वयंपाकघराच्या दाराकडे. दीपिका चहा घेऊन आली, ती सरळ आली नाही. भिंतीला लागून, टेबलाला वळसा घालून आली आणि तशीच परत गेली. नळीच्या समोरून जायचं नाही, हे अंगवळणी पडायला माझ्या रंगरूटांना सहा-सहा महिने लागत. माझी पोरगी हिंदीत एम.ए. झालेली, तिला हे कोणी शिकवलं? विचार डोक्यात असतानाच मी सवयीने पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली. चेंबरमधली गोळी उडून फरशीवर पडली. “अरे, रह गई होगी,” तुम्ही म्हणालात आणि बिस्किट चहात बुडवलंत. दीपिका दाराची चौकट धरून खाली बसली होती. तुम्ही पाहिलंही नाहीत.

मी नको नको म्हणत असताना पिस्तूल ठेवूनच गेलात. नंतर आईच्या डोळ्यात औषध टाकता टाकता दीपिका बोलली.

“बाबा, तो मले भिंतीले टेकून उभी करते. टिकलीवर नेम धरते. कधी घोडाही दाबते, टक् वाजते. हालली का मंग पुन्हा पयल्यापासून.”

“काहून सांगितलं नाही, बेटा?”

“रिकामं आहे म्हणे ना तो.”

हे ऐकून तिची आई उठून बसली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहत म्हणाली, “पोरगी आता तिकडं जाणार नाही.” आमच्या घरात यावर पुढे चर्चा झाली नाही.

नोकरीत मी हात थरथरणारे शिपाई पाहिले, भेदरून बंदूक टाकून पळालेलेही पाहिले. त्यांची कीव यायची. तुमची कीवही येत नाही. बायकोला भिंतीशी उभी केल्याशिवाय ज्याला आपण मर्द आहोत असं वाटत नाही, त्याच्यासाठी कुठलाच जोड बनत नाही.

तर उत्तर असं, की एकही जोड बसवलेला नाही. तिन्ही डब्या बसच्या कंडक्टरबरोबर परत पाठवतो आहे. तुमचं पिस्तूल मात्र सोमवारी सकाळीच त्या गोळीसकट ठाण्यात जमा केलं, पावती घेतली. शुक्रवारी घ्यायला येतो म्हणालात, तर ठाण्यातच या, तिथले साहेब तुमची वाट पाहताहेत. दीपिकाला न्यायला येऊ नका. तुमच्याविरुद्धचा अर्ज तिने ठाण्याच्या बाकावर बसून स्वतः लिहिला. मी मजकूर सांगायला लागलो, तर म्हणाली, “तुम्ही चूप बसा बाबा, मले लिहिता येते.” पहिल्या ओळीत तिने ‘मेरे पति’ लिहिलं. मग ते दोन शब्द खोडले आणि वर तुमचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

आता तुमचा कोणीच नसलेला,
पुनाराम