चादरीखालचं दुखणं

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या उजव्या बुटाचं अपहरण झालं! डावा जागेवर होता — पॉलिश केलेला, विरहाने व्याकूळ. चोर एकपायी असावा, हा माझा पहिला तर्क. छापखान्यात प्रुफं खोळंबलेली, आणि व्याकरण कोळून प्यायलेला हा गृहस्थ पलंगाखाली रांगतोय. शेवटी नऊ वर्षांच्या लेकीने उलगडा केला : "बाबा, काकाच्या उशीखाली बघा."

म्हणजे पहाटे धाकट्या भावाला पुन्हा झटका आला. बूट हुंगवला की फेफरं उतरतं, हा आईचा सिद्धान्त.

"उतरलं की नाही?"

"न हुंगवताही उतरलं असतं, आई."

"मग तुझं काय गेलं?"

"बूट."

विनोद पुरे. महिन्यातला हा तिसरा. मी प्रुफं तपासतो त्याच छापखान्यात धाकटा कागद कापायच्या यंत्रावर असतो. ते पातं एका दाबात पाचशे कागद कापतं, तिथे बोटांचा काय पाड! शुक्रवारी त्याला डॉक्टरकडे नेणार. ठरलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आईचा युक्तिवाद : "वीस वर्षं मंतरलेल्या दोऱ्यावर निभावलं ना?"

"निभावलं. बरं नाही झालं."

"डॉक्टरकडे नेलंस की चारचौघांत बोभाटा होईल. मग त्याला कामावर कोण ठेवील रे?"

खरा मुद्दा हा. दोरा-बूट नुसती प्रस्तावना. म्हटलं, "यंत्राला कुणाची लाज नसते, आई. ते हात बघून थांबत नाही." आई : "ने. पण दोरा काढायचा नाही." तह मंजूर!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. मी 'अपस्मार' शब्दाची फोड करून सांगितली, स्मृतिलोपाची चर्चा केली, एक श्लोकही म्हटला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"छान. आता सांगा, सुरुवात कोणत्या हातापासून होते?"

मी धाकट्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

"मान कुठे वळते? किती वेळ चालतं?"

वीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही. झटका आला की आई त्याच्यावर चादर टाकते — बघणाऱ्यालाही ते दुखणं लागतं म्हणून. आणि मी? दुसरं टोक धरतो. 'खुळचटपणा' असं पुटपुटतो, पण धरतो.

बसमध्ये धाकटा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दादा, शुद्ध येते तेव्हा दर वेळी मी चादरीखाली असतो. आधी वाटतं, मेलो."

पुढचे तीन थांबे मला एकही सुभाषित आठवलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

चादर कपाटात, किल्ली माझ्या खिशात. आईने अबोला धरलाय. आमटी मात्र नेहमीपेक्षा जास्त वाढली!

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी शर्टाला इस्त्री करताना त्याला झटका आला. हिने इस्त्री बंद करून दूर ठेवली, लेकीने घड्याळ आणलं, मी त्याला कुशीवर वळवलं. आणि पाहिलं.

आई दारातून, "डोळे मीट रे, डोळे मीट!"

मिटले नाहीत. आधी मान डावीकडे. मग डावा हात. मग सगळं अंग. ओठ निळसर. एक मिनिट चाळीस सेकंद. भयंकर आहे — पण त्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. वीस वर्षं मला वाटत होतं, चादरीखाली काहीतरी अफाट चाललंय.

त्याने डोळे उघडले ते माझ्या तोंडावर. बराच वेळ ओळख पटेना. मग हळूच, "दादा, इतक्या जवळून तू बरा दिसत नाहीस."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी टिपणं पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे हवं होतं!" गोळ्या सुरू. यंत्राला तूर्त हात लावायचा नाही. मालकाला मीच जाऊन सांगितलं.

"पंडित, वीस वर्षं लपवलंत? माझ्या मेहुण्याला आहे की!"

धाकटा आता बांधणीच्या टेबलावर. पगार तोच. गोळीची वेळ आई सांभाळते. दोऱ्याला टेकवून मगच देते. गोळीला हरकत नाही, मलाही नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सोळा दिवस. एकही झटका नाही!

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

"नाही." ठणकावून म्हणालो.

लेक जेवताना मध्येच थांबते. घास हातात, नजर भिंतीवर, हाक मारली तरी ओ नाही. मग काही न झाल्यासारखी पुन्हा जेवू लागते. आम्ही तिला 'तंद्रीबाई' म्हणून हसतो. या आठवड्यात मी नीट पाहिलं. पापण्या फडफडतात. अकरा सेकंद. तीनदा.

आईला सांगितलेलं नाही. हिलाही नाही. मला भीती वाटते.