चोक ओढणार नाही

८ आजर, शनिवार. पहाटे.
आजपासून नवी शिस्त. आठवड्याचा पहिला दिवस, संकल्पाला उत्तम. गेला शनिवारही उत्तमच होता, पण तेव्हा नाक वाहत होतं.
संकल्प पहिला: रोज सातच्या आत ऑफिस. दुसरा: माझ्या मोटरसायकलची, तूफानची, देखभाल स्वतः करणार, मेकॅनिकच्या दारात पाय ठेवणार नाही. तिसरा: चोक ओढणार नाही. चोक म्हणजे कुबडी. धडधाकट इंजिनाला रोज सकाळी कुबडी दिली की ते जन्मभर लंगडतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही, स्वतःचं निरीक्षण आहे.
संकल्पाचं कारण लिहून ठेवतो. गुरुवारी इंजिनियर तवक्कोलीसाहेबांनी बोलावून सांगितलं की हूशंगखान, हमादानच्या थंडीत नळ फुटतात ते तुमची वाट बघत थांबत नाहीत. या आजर महिन्यात उशीर चालू राहिला तर हिवाळी बंदोबस्ताचं काम शेजारच्या टेबलावरच्या सुहेलाखानमकडे. सुहेलाखानम बसने येतात. बसने! पाणीखात्यात हे काम कित्येक हिवाळे माझं आहे. ‘थंडीपासून नळ कसे वाचवाल’ हे पत्रक माझं आहे. ते मी सोडणार नाही.

संध्याकाळी.
आठ वाजता पोचलो. पहिला दिवस धरायचा नसतो.

९ आजर, रविवार.
किक मारून मारून मांडी भरून आली. मग उताराचा प्रयोग. आमची गल्ली अलवंद डोंगराच्या बाजूने खाली सांगक रोटीवाल्याच्या भट्टीपर्यंत उतरते. सेकंड गिअर टाकायचा, क्लच दाबायचा, गाडी सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा. तूफान एकदा खोकली आणि भट्टीपाशी येऊन थांबली. रांगेतल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे "दमू नका, हूशंगखान" म्हटलं. मी म्हटलं, तुम्हीही दमू नका. गाडी ढकलत वर आणली. पुन्हा सोडली. पुन्हा भट्टी. भट्टीवाल्याने विचारलं की तुम्हाला रोटी हवीय की नुसते येता-जाता आहात.
आईचं आणखी एक. घरातून कोणी निघालं की पाठीमागे वाडगाभर पाणी टाकायचं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो, हे काही नवीन नाही. पण आज मी तीनदा निघालो, तर तिने तीनदा टाकलं. दोन हातांत तो लालेजीनच्या कुंभारांचा निळा वाडगा घेऊन उंबऱ्यात उभी. मी आत जा म्हटलं तर म्हणाली की तू गेल्याशिवाय कशी जाऊ? तिसऱ्यांदा मी गाडी ढकलत वर आलो तेव्हा खूश होऊन फरंगीसला म्हणाली, "बघ गं माझ्या पाण्याचा गुण! जातो न जातो तोच परत!"
फरंगीस माझी बायको असूनही हसली.

१० आजर, सोमवार.
मूळ सापडलं. ऑइल. थंडीत माणूस जाड कपडे घालतो, मग इंजिनाला पातळ ऑइल का? काल उन्हाळ्यातलं सगळ्यात जाड ऑइल आणून भरलं. आज किक भरीव लागते. पायाखाली काहीतरी आहे असं वाटतं. सुरू झाली नाही, पण वजन आलंय.
विशेष नोंद: दुपारी ऑफिसबाहेर उन्हात पहिल्या किकला सुरू झाली. म्हणजे गाडीत दोष नाही. दोष सकाळचा आहे.

१२ आजर, बुधवार.
प्लग काढून गॅसच्या शेगडीवर लाल होईपर्यंत तापवला आणि पळत जाऊन बसवला. ही जुनी, सिद्ध पद्धत आहे. पळताना पहिल्यांदा चपला घालायच्या राहिल्या, दुसऱ्यांदा सांडशी राहिली. बोटाला फोड. फरंगीस म्हणते की तिच्या आबगोश्तच्या रश्श्याला दोन दिवस पेट्रोलचा वास मारतोय आणि तो हँडलजवळचा छोटा खटका ओढला तर तुझं काय जाणार आहे? तिच्या भावाची गाडी याच हवेत त्याच खटक्याने सुरू होते म्हणे. तिच्या भावाची तुलना माझ्याशी नको, असं मी शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, अंगण वाकडं आहेच, उतार आहे.
यावर ती कांदा चिरायला वळली. बहुधा पटलं.

१५ आजर, शनिवार.
नवा शनिवार, नवी शिस्त. रात्रभर ऊब टिकली पाहिजे, हा मुद्दा आहे. नळाला फडकं गुंडाळा, असं मीच अख्ख्या गावाला सांगत असतो, आणि माझी गाडी अंगणात उघडी! अवलोकनातली चूक. काल रात्री कोर्सीवरची, म्हणजे ज्या बैठ्या मेजाखाली शेगडी ठेवून आम्ही सगळे पाय घालून निजतो त्यावरची, मोठी रजई तूफानवर पांघरली. बॅटरी काढून कोर्सीखाली शेगडीशेजारी ठेवली. आईचे पाय तिला लागले. सकाळी आई म्हणाली की हूशंग-जान, रात्री पायाशी काय गार निजलं होतं, मांजर का?
रजई नसल्याने घरातले सगळे गारठले होते. गाडीही गारठली होती. रजईला ऑइल लागलंय. ती फरंगीसच्या माहेरची आहे, हे मला आज तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगण्यात आलं.
साडेआठला पोचलो. सुहेलाखानमनी माझ्या टेबलावरचा फोन उचलला होता. फक्त उचलला होता, तरी मला आवडलं नाही.

१७ आजर, सोमवार.
शेजारी यदुल्ला धक्का द्यायला आला होता. निवृत्त पोस्टमन, पायांत अजून दम आहे. उतारावर मागचं चाक फिरेचना, नुसतं घसरत गेलं. क्लच सोडला की चाक अडकतं आणि गाडी बर्फावरून सरकते. खाली काचेसारखा बर्फ. यदुल्ला पालथा पडला, गुडघा फुटला. मी विचारलं, लागलं का? म्हणाला, नाही, मी इथे नेहमीच झोपतो.
एवढा बर्फ आमच्याच दारापासून भट्टीपर्यंत कसा, हे कळत नाही. बाजूच्या गल्ल्या कोरड्या आहेत.
आईला खोकला. तरी उंबऱ्यात उभी. माझं निघणं लांबतं म्हणून तिचं उभं राहणं लांबतं, असं फरंगीस म्हणते. आईला उभं राहायला मी सांगितलेलं नाही.

१८ आजर, मंगळवार. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत.
उलगडा! जेवण बाजूला ठेवून लिहितो.
यदुल्लाने फोनवर तक्रार नोंदवली: गल्लीत जमिनीखाली पाइप फुटला असणार, रोज नवा बर्फ होतो. फोन मीच घेतला. त्याने मला ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही, कामात नातं आणू नये. आणि फोन ठेवता ठेवता डोक्यात लख्ख झालं. फुटका पाइप म्हणजे ओल. गाडी रात्रभर त्या ओलीवर उभी. ओल प्लगमध्ये, ओल वायरमध्ये, ओल कार्बुरेटरमध्ये! जाड ऑइल, तापवलेला प्लग, रजई, सगळं बरोबर होतं, फक्त ओल आड येत होती. इतके दिवस गाडी निर्दोष होती आणि मीही.
ताबडतोब खोदकामाचा हुकूम काढला. तातडीचा. सही केली. साहेबांकडे जाऊन म्हटलं की हिवाळी बंदोबस्त कसा असतो ते शनिवारी सकाळी स्वतः येऊन बघा, माझ्याच दारात आहे. साहेब म्हणाले, येतो. सुहेलाखानम विचारत होत्या की खोदण्याआधी कोणी जागा बघून आलंय का? मी म्हटलं, खानम, मी तिथे राहतो.

२२ आजर, शनिवार. संध्याकाळी.
जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. लिहितो.
सकाळी मजूर आले. गल्ली आडवी खोदली, माझ्या दरवाज्याला लागून, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत. कंबरेएवढा खड्डा. माती कोरडी. आणखी खोदलं. पाइप दिसला, धड, सुका, वर धूळ. मुकादम पाइपवर हात फिरवत म्हणाला की हा तर आपल्यापेक्षा ठणठणीत आहे.
मग पाणी येतं कुठून, असं साहेबांनी विचारलं. मी सांगायला सुरुवात केली की जमिनीखालचे झरे, उतार, दाब. बोलता बोलता खड्ड्यावरच्या फळीवरून पलीकडे साहेबांच्या बाजूला गेलो.
आईने मला फळी ओलांडताना पाहिलं. तिच्या लेखी मी निघालो होतो. खोकत खोकत बाहेर आली, "जा राजा, लवकर परत ये" म्हणाली आणि वाडगाभर पाणी खड्ड्यावरून माझ्या पाठीमागे फेकलं. पाणी खड्ड्याच्या पलीकडच्या काठावरून, मुकादमाच्या बुटांवरून, साहेबांच्या पायांमधून उताराने जुन्या बर्फावर गेलं आणि तिथे गोठायला लागलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, थांबा, पाहुण्यांच्या मागेही टाकते, आणि वाडगा भरायला आत गेली.
साहेबांनी विचारलं, रोज? यदुल्लाने फुटक्या गुडघ्यावर हात ठेवून उत्तर दिलं, "रोज नाही साहेब, दर निघण्याला. आणि हे निघतात फार वेळा."
साहेब चांगले माणूस आहेत. हसू आवरून म्हणाले की हूशंगखान, आईंचे पाय धरावेत तितके थोडे, पण हिवाळी बंदोबस्त आजपासून सुहेलाखानम बघतील. जाताना आईचं पाणीही त्यांनी पाठीमागे टाकून घेतलं.
माती गोठत चाललीय म्हणून खड्डा लगेच बुजवता येत नाही. कधी बुजवायचा ते हिवाळी बंदोबस्त विभाग ठरवणार. म्हणजे सुहेलाखानम. तूफान खड्ड्याच्या अलीकडे अंगणात अडकली, रस्ता पलीकडे.

२३ आजर, रविवार.
बसने गेलो. तात्पुरतं. सातला दहा कमी असताना पोचलो. दार अजून उघडायचं होतं. पहारेकऱ्याने विचारलं, घरी सगळं ठीक ना?

२५ आजर, मंगळवार.
आईला ताप. डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत कफ भरलाय. त्यांनी विचारलं की या वयात, या थंडीत, भल्या पहाटे या बाहेर काय करत होत्या? फरंगीस माझ्याकडे बघत होती. मी औषधाची बाटली वाचत होतो.
सकाळी निघताना मागे पाणी पडलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बसमध्ये सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं.

२६ आजर, बुधवार.
ताप आहे. आईने झोपेत विचारलं, गाडी सुरू झाली का? हो म्हणालो.
माझ्यामुळे झालं असं म्हणता येणार नाही. हवा वाईट आहे. खूप लोकांना झालंय.
माझ्यामुळे झालं.

२८ आजर, शुक्रवार.
सुट्टी. आईचा ताप थोडा उतरला. फरंगीस स्वयंपाकघरात, गल्लीत कोणी नाही. अंगणात गेलो. तूफानवरचं कापड काढलं. इकडे तिकडे पाहिलं. चोक ओढला. केवळ खात्री करून घ्यायला, की त्याने काही होत नाही.
पहिल्या किकला सुरू झाली.
असा आवाज तिने कधी काढला नव्हता. एकसारखा, गोड. मी हँडल धरून उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. दोन बोटांचा खटका. दोन आठवडे ती म्हातारी उंबऱ्यात उभी होती, आणि दोन बोटांचा खटका.
तेवढ्यात दार वाजलं. आई. अंगावर ती ऑइलची रजई, दोन्ही हातांत वाडगा, हात इतके कापत होते की अर्धं पाणी आधीच सांडलं होतं. म्हणाली, "निघालास? मला हाक का नाही मारलीस रे?"
काय सांगणार? आज शुक्रवार आहे, समोर खड्डा आहे, मला कुठेही जायचं नाही? तिला ते ऐकून घ्यायला तिथेच उभं राहावं लागलं असतं. किल्ली फिरवून गाडी बंद केली. "निघालो, आई" म्हटलं आणि फळीवरून पलीकडे गेलो. मागे पाणी पडल्याचा आवाज आला. माझ्यापर्यंत पोचलं नाही, तिच्याच पायाशी पडलं असावं.
मी दिसेनासा होईपर्यंत ती आत जात नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून धावलो. घरच्या चपला, पायजमा, चोपन्न वर्षांचा पाणीखात्याचा माणूस, त्या बर्फावरून धावत भट्टीचं वळण ओलांडून गेलो. वळणावर पडलो. रांगेतल्या कोणीतरी दमू नका म्हटलं. मी भिंतीआडून डोकावून पाहिलं. उंबऱ्यात कोणी नव्हतं. आत गेली होती.
रांगेत उभा राहून दोन सांगक घेतल्या आणि घरी आलो. फरंगीस दारातच होती. हळूच म्हणाली, चोक ओढलास ना? इथवर ऐकू आलं. मी म्हटलं, रोटी गरम आहे, घे.
आई रजईत बसून चहा फुंकत होती. मला बघून हसली, म्हणाली, "बघ, आलास की नाही परत!"
आलो म्हटलं. उद्या शनिवार. बस साडेसहाची.