परत फिरणाऱ्यांचा रकाना

३ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी आज ऑफिसात मॉडेल मांडलं. आमचा हायवे — पुठ्ठ्याचा, करडा, दोन्ही अंगांना सर्व्हिस रोड, बसला वेगळी लेन, कडेला स्पंजची झाडं. एकही गाडी अडकलेली नाही. हॉर्न नाही. खिडकीतलं ऊन हळूहळू त्यावरून सरकत होतं. वाटलं, हे असंच राहू दे, खरं बांधायलाच नको.

मग आमची इमारत शोधली. काडेपेटीएवढी निघाली. तिसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं — इथे बाबा बसतात. इमारतीसमोर दुभाजकात एक फट आहे, माणसं ओलांडतील एवढी. मॉडेलमध्ये ती बुजवलेली.

"तिथून कोणी ओलांडतच नाही," साहेब म्हणाले. "पाहणीत शून्य आलंय. शून्यासाठी एवढ्या गाड्या थांबवायच्या?"

पटलं. पाहणी माझ्याच माणसांनी केलेली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे स्वप्न पडलं. हायवेवर गुडघाभर गवत. ट्रक त्यात गाईंसारखे बसलेले, निवांत. मी अनवाणी पलीकडे निघालेय आणि मधोमध आल्यावर आठवेना, पलीकडे कोण आहे. जाग आल्यावरही आठवेना. दिवसभर पायांना गवत लागत होतं.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "झोपेतही ऑफिस? ओव्हरटाइम लाव."

८ फेब्रुवारी, रविवार

गॅलरीत बाबांशेजारी बसले. बाबांच्या डोळ्यांना दुर्बीण. जन्मभर लोकांचे चष्मे केले. दुकान बंद केलं तेव्हा ही दुर्बीण आणि काचांची पेटी तेवढी घरी आणली. मला आपलं वाटायचं, गाड्या बघतात. म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा.

हायवेपलीकडे, समोरच्या इमारतीत पडदे शिवणाऱ्या एक बाई राहतात. त्या खाली उतरल्या, फटीच्या समोर येऊन कडेला उभ्या राहिल्या. ट्रक, ट्रक, बस, ट्रक. एक पाऊल पुढे, एक मागे. बराच वेळ. मग वळल्या आणि घरी गेल्या.

"रोज येतात," बाबा म्हणाले. दुर्बीण खाली न घेता.

"कशासाठी?"

"नंबर तपासून घ्यायला. फ्रेम अजून माझीच आहे. पण काच आता चालत नसणार. जिना उतरताना कठडा चाचपतात."

मी म्हटलं, पादचारी पूल लांब आहे, तुमचे गुडघे चढायचे नाहीत, मी गाडीतून नेते. वळसा घालून पाच-दहा मिनिटांचं काम.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना पाळण्यात घालून नेणार आहे. "मुलीला सोबत घेऊन जाऊ?"

मग लक्षात आलं. बाईंच्या दोरीवर पिवळं कापड. आमच्या दोरीवर निळा टॉवेल — जो वाळला तरी आत घेत नाहीत म्हणून मी रोज करवादते. "राहू दे तो," बाबा म्हणाले. "सकाळी दिसला की त्यांना कळतं, माणूस बरा आहे. मलाही कळतं."

९ फेब्रुवारी, सोमवार

राग आलाय. खोटं कशाला लिहू. आई गेल्यावर मी या घरात राहिले ती बाबांसाठी. चांगली नोकरी चालून आली होती लांबच्या शहरात, नाही म्हटलं. आणि बाबांनी ताकास तूर लागू दिली नाही! सगळ्या गावाची ये-जा मोजते मी. काखेत कळसा तो हा.

बाबांनी चहा करून दिला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

राग गेला नाही, पण दुसरंच डोक्यात घोळतंय. आमच्या तक्त्यात ओलांडणाऱ्यांचा रकाना आहे. परत फिरणाऱ्यांचा नाही. बाई रोज कडेला येतात आणि आमच्या लेखी त्या आलेल्याच नसतात.

दुपारी स्वतः जाऊन उभी राहिले. व्हायोलिनची पेटी घेतलेली मुलगी आली, थांबली, फिरली. कुत्रा घेऊन एक गृहस्थ आले. कुत्रा ओढत होता, गृहस्थ मागे खेचत होते. कुत्र्याला पलीकडचं काही आठवत असावं. गाड्यांच्या धुरातून समोरची दुकानं हलताना दिसतात, पाण्याखाली असल्यासारखी. इतकी जवळ, आणि तिथला पाववाला मी कधी पाहिलेला नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "जे घडलंच नाही ते मोजायचं? उद्या लोकांची स्वप्नंही मोजाल तुम्ही."

"मोजते की."

साहेब हसले. माणूस हट्टी आहे, वाईट नाही. म्हणाले, येत्या बावीसला, रविवारी, एक दिवस तात्पुरता सिग्नल लावू. लोक आले तर फट राहील. नाही आले तर सोमवारी काँक्रीट ओतायचं, पुन्हा विषय नको.

घरी आल्यावर बाबांना सांगावं की नाही, कळेना. जेवताना सांगितलं. ते नुसतं "असं?" म्हणाले आणि वाढून घ्यायचं विसरले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी शर्टाला इस्त्री केली. दोनदा. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मला काय हवंय? बाबांनी जावं असं वाटतं. आणि उद्या सिग्नल बिघडावा असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी धुकं होतं. मी दुभाजकावर, फटीत, तक्ता घेऊन उभी. दोन्ही कडांना माणसं जमली. सिग्नल लाल झाला आणि गाड्या थांबल्या — सगळ्या. एवढी शांतता मी इथे कधीच ऐकली नव्हती. कुठेतरी शिलाई मशीन चालू होतं, तेही ऐकू आलं.

आणि कोणी हललं नाही.

माणसं नुसती थांबलेल्या गाड्यांकडे बघत उभी. विश्वासच बसेना कुणाचा. सिग्नल हिरवा झाला, गाड्या सुटल्या. माझ्या तक्त्यावर शून्य. साहेब सर्व्हिस रोडवर हाताची घडी घालून उभे. तेव्हा कळलं, सिग्नल बिघडावा वगैरे सगळं थोतांड होतं.

पुन्हा लाल. आमच्या बाजूने बाबा निघाले. काचांची पेटी छातीशी धरून, गुडघे सांभाळत, नाकासमोर बघत. माझ्याजवळून गेले तेव्हा पुटपुटले, "मांड मला." मी मांडलं. रेघ वाकडी आली.

समोरून बाई निघाल्या. मधोमध, माझ्यापासून हातभर अंतरावर, दोघं थांबले. बाबांनी बाईंच्या नाकावरचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "किती धूळ बसलीय," म्हणाले. बाई म्हणाल्या, "तुम्हीच उशीर केलात."

"चला, चला, सिग्नल सुटेल," मी ओरडले. आवाज फाटला माझा.

मग मात्र दोन्हीकडून लोंढा आला. व्हायोलिनवाली, कुत्रा, त्याचे गृहस्थ, सगळे. मोजायचं राहूनच गेलं. साहेबांनी तक्ता माझ्या हातातून घेतला आणि स्वतः रेघा मारत बसले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फट राहणार. साहेबांनी मॉडेलच्या दुभाजकाला आज स्वतः कात्री लावली.

१५ मार्च, रविवार

बाबा रोज दुपारी पलीकडे जातात, दिवेलागणीला येतात. बाईंच्या नवीन काचा झाल्या. तरी नंबर तपासणं चालूच आहे. विचारलं तर म्हणाले, "डोळ्यांचं काय सांगावं, रोज बदलतात." मी हसले. खरंच हसले.

पलीकडचा पाव आणतात. बरा असतो. पाववाल्याला डाव्या गालावर तीळ आहे, मी जाऊन पाहून आले.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी गॅलरीत गेले. समोरच्या दोरीवर पिवळं कापड आणि शेजारी निळा टॉवेल. आमची दोरी रिकामी. बाबा तिकडच्या गॅलरीत उभे, डोळ्यांना दुर्बीण, आमच्याकडे रोखलेली. हलेनात. मी धावत आत गेले, माझा लाल स्कार्फ आणला आणि दोरीवर टाकला.