कमानीपुढचा बोर्ड

४ जानेवारी
राज्यभरची वारसा पर्यटन भागीदारी! तेरा खाती, मंडळं, संस्था एकत्र — आणि आपल्या गल्लीची जुनी कमान पहिल्याच यादीत. घातली कोणी? अस्मादिकांनी! भागीदारीच्या कचेरीत नोकरी लागून महिनासुद्धा झाला नाही. आता कमानीचे तडे बुजणार. आईला सांगितलं, ती त्या कमानीखालीच शिलाई मशीन मांडून बसते. म्हणाली, "घरातली पहिली पदवी! तिच्या जोरावर एक दगड जरी जागेवर राहिला, तर तुला नवा ड्रेस शिवीन."

१९ जानेवारी
पहिली बैठक. डागडुजीचा विषय काढला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाया एका खात्याचा, दगड दुसऱ्याचे, मधली पोकळी तिसऱ्याची म्हणे! एकमत फक्त एकाच गोष्टीवर — बोर्ड.

२ फेब्रुवारी
बोर्डावर तेराही जणांची बोधचिन्हं सारख्याच आकाराची हवीत. कोणी तसूभर हटेना.

२१ फेब्रुवारी
बोर्ड लागला. लोखंडी सांगाडा, कमानीला खेटून. कमान दिसतच नाही! पाहुणे बोर्डाचे फोटो काढून जातात. साहेब खूश. आई म्हणाली, "अंधारात सुईत दोरा कसा ओवू? तुझ्या तेरांपैकी एखादा पाठव." रागारागाने तक्रार ठोकली — बोर्ड काढा!

११ मार्च
आईला डबा द्यायला गेले, तर कमानीचा मधला दगड पुढे येऊन खाली सरकलाय — आणि बोर्डाच्या सांगाड्यावर टेकलाय! कमान आता त्या मेल्या बोर्डाच्या जिवावर उभी आहे. आई उठेना. "ब्लाउज अर्धा राहिलाय." शेवटी मशीनच उचललं, तेव्हा मागोमाग आली.

१२ मार्च
साहेब म्हणाले, "अभिनंदन! तुमची तक्रार मंजूर. परवा बोर्ड काढतोय." मी ओरडलेच — नको! दगडाचं सगळं सांगितलं. "डागडुजीचा विषय वेगळा. मंजूर तक्रार मागे घेता येत नाही. भागीदाराने हरकत घेतली तरच थांबतं, आणि तेराही जण राजी आहेत."
"नवा भागीदार आला तर?"
"गल्लीत धंदा करणारं कोणीही येऊ शकतं हो. पण येतंय कोण?"

१३ मार्च
चौदावी भागीदार — आई! बोधचिन्ह: शिलाई मशीन. बोर्ड काढायला तिची हरकत. वर साहेबांना ठणकावलं, "माझं चिन्ह जड आहे. खाली आणखी चार खांब लागतील." मंजूर.
घरी आल्यावर तिने माझं माप घेतलं.