मांडवात बोलवायची नावं

१९ ऑगस्ट, सोमवार. नारळी पौर्णिमा

दोन नारळ घेतले. साईनाथ भावोजी, माझे धाकटे दीर, बघत होते. दरवर्षीच बघतात. एक नारळ घरचा आणि एक ह्यांच्या नावाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. ह्यांचा नारळ मी मिरवणुकीच्या आधीच सोडते, बंदराच्या कडेला, गर्दी यायच्या आत. खाडीचं पाणी काळंकुट्ट झालंय. नारळ पडला की आधी बुडबुडे येतात आणि मग तो वास! तरी हात जोडते. हेच पाणी पुढे समुद्राला मिळतं. कधीतरी तिकडे पोचत असेलच ना.

आमच्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात आता होड्या उरल्यात तरी किती! त्यात आमची नाही. खाडीत चिखलातले साधे निवटे मासेही मिळेनात तेव्हा ह्यांनी होडी विकली आणि गुजरातेत वेरावळला बोटीवर खलाशी म्हणून जायला लागले. नारळी पौर्णिमा झाली की निघायचे, पावसाची बंदी लागली की परत. आल्यावर आधी नुसतं झोपायचे. मग माळ्यावरचा ढोल काढायचे. आमची लेक रुचिता शाळेत होती त्या वर्षी तिकडे वादळ आलं आणि बोट बुडाली. काही माणसं सापडली, काही नाही. हे नाही. एक खलाशी म्हणाला, हे त्या फेरीला बोटीवर चढलेच नव्हते. दुसरा म्हणाला, चढलेले. मी पहिल्याचं ऐकलं. अजून त्याचंच ऐकते.

आज बेंजो फार मोठ्याने लावलेला. सगळ्या बायका नटूनथटून. रुचिताने मला ओढून नाचायला लावलं. नाचले. मी कशाला नाही म्हणू, बाजा वाजला की आमचे पाय आम्हाला विचारत नाहीत.

२१ ऑगस्ट

मासळी मार्केटमध्ये कुणी "वेरावळचा माल" म्हटलं की अजून मासळी कापता कापता माझा कोयता थांबतो. आणि मी तोच माल विकते!

११ सप्टेंबर, बुधवार. गौर

तेरड्याची गौर बसवली. नैवेद्याला चिंबोऱ्या. रुचिताच्या ऑफिसातला सिद्धेश डोंबिवलीहून आलेला. "नुसता मित्र आहे, आई." बरं! त्याचं घर मूळचं साताऱ्याकडचं, त्यांच्यात गौरीला पुरणपोळी. चिंबोऱ्यांचं ताट गौरीपुढे बघून त्याचे डोळे एवढे झाले. मी सांगितलं, आमची गौर कोळीण आहे, तिला पुरण घशाखाली उतरत नाही. हसला. मग स्वतः तीन चिंबोऱ्या खाल्ल्या, नांग्या फोडायला शिकला. जावई म्हणून चालेल. अजून तिला सांगितलेलं नाही, भाव खाईल.

संध्याकाळी गल्लीत फेर धरला. रतनआत्या कट्ट्यावर बसून गात होती. ह्यांची आत्या ती. चेंदणीतली आता एकटीच धवलारीण. लग्नात धवले गाणारी, तिच्या गाण्याशिवाय आमच्यात मांडव उभा राहत नाही. गुडघे पार गेलेत पण आवाजाला काही झालेलं नाही. ह्यांची आई लवकर गेली, आत्यानेच ह्यांना लहानाचं मोठं केलं.

गौरीच्या फेरात पुरुष येत नाहीत. होडी होती तेव्हा हे यायचे! गळ्यात ढोल अडकवून बरोब्बर मधोमध उभे राहायचे. बायका शिव्या घालायच्या, हाकलायच्या, हे हलायचे नाहीत. बाहेर पडता पडता मला कोपराने ढोसायचे. आज फेर मोठा होता, मध्ये कुणी नव्हतं. मला तिथे बघवेना. मान खाली घालून नाचले.

२ ऑक्टोबर. सर्वपित्री

भावोजींनी सासू-सासऱ्यांचं पान वाढलं. मग हळूच विचारलं, वैनी, अजून एक वाढू का? मी म्हटलं, तुम्हाला भूक असेल तर वाढा. खाली मान घालून जेवले बिचारे. मला नंतर वाईट वाटलं. त्यांचाही भाऊच आहे. पण नाही म्हणजे नाही. डोळ्यांनी काही पाहिलं नाही आणि मी पान वाढायचं? माझ्या हातात अजून बांगड्या आहेत.

९ ऑक्टोबर, बुधवार

रुचिता आणि मी टेंभी नाक्याच्या देवीला गेलेलो. रांगेत पुढे एक माणूस होता. तीच मान, तसाच डावा खांदा खाली गेलेला. ढोलाच्या पट्ट्याने जातो तसा. मी रांग सोडून धावले! लोकांना धक्के मारले, कुणाची तरी ओटी सांडली. तो वळला तर भलताच कुणी. काय पाहिजे मावशी, म्हणाला. मावशी!

रुचिताने हाताला धरून बाहेर आणलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण रिक्षात तोंड फिरवून बसली. बाहेर बघत राहिली. घरी येऊन जेवलीही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुपारी फुटली! सिद्धेशचे आईवडील साधी माणसं आहेत. लग्न फेब्रुवारीत, ठाण्यातच. मांडव आणि हळद आमच्या पद्धतीने, ते काही आडवे आले नाहीत.

त्याच्या आईने विचारलं, मुलीचे वडील? भावोजी काही सांगायच्या आत रुचिता म्हणाली, "नाहीत."

नाहीत म्हणजे? घरात नाहीत, गावात नाहीत, की — मी चहा गाळत होते. अर्धा ओट्यावर गेला.

१९ जानेवारी, रविवार

पत्रिका छापायला दिली. छापणाऱ्याने विचारलं, मुलीच्या वडिलांच्या नावाआधी श्री. का कै.? भावोजी माझ्याकडे बघायला लागले. रुचिता भिंतीवरचे नमुने बघायला लागली. मी म्हटलं, काही नको, नुसतं नाव टाका. तो म्हणतो, असं बरं दिसत नाही. दिसू दे, म्हटलं.

संध्याकाळी छापून आल्यावर एक पत्रिका बाजूला काढली. हळदकुंकू लावलं. पत्ता कुठला लिहू?

३ फेब्रुवारी, सोमवार

रतनआत्या आली. चहा घेतला, खारी बुडवून खाल्ली, मग मुद्द्यावर आली. मांडवाच्या दिवशी धवल्यात ती आधी देवांना बोलावते आणि मग घरच्या पितरांना, एकेकाचं नाव घेऊन. या, पोरीचं लग्न आहे. जिवंत माणसाला पत्रिका जाते, गेलेल्याला मांडवातून हाक. आणि ती नावं घरच्या बाईने धवलारणीच्या कानात सांगायची. तिला सगळी पाठ असली तरी आपणच सांगायची. माझ्या लग्नानंतर घरात भावोजींचं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांची थोरली बहीण होती, तिने सांगितली. आता घरची बाई मी.

"पोपटला पत्रिका देनार का हाक मारू?" तिने सरळ विचारलं.

मी कप उचलून आत गेले. ती बाहेरूनच बोलली. "माझे मनाने मी नाय घेनार त्याचं नाव. मी त्याला या हाताने भरवलाय. पन एकदा मांडवान घेतलं ना पोरी, मंग तो गेलेल्यांतला. परत काढता येत नाय."

नाव घेतलं की मी रुचिताला पहिली हळद लावायची नाही. ती सवाष्णीने लावायची. माझीच पोर आणि मी बाजूला उभी! आणि नाव घ्यायचं म्हणजे काय? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर मी ते तोंडाने कधी उच्चारलेलं नाही. "अहो" म्हटलं की बस व्हायचं. या वहीतसुद्धा मी "हे"च लिहिते. ते पहिल्यांदा घ्यायचं ते यासाठी?

८ फेब्रुवारी

स्वप्नात आले. ढोल भिजला म्हणून कुरकुर करत होते. मी म्हटलं, आधी आत तर या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मांडवाचे बांबू आले. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि त्यात रुचिताशी वाजलं.

दोन दिवस माझ्या मागे मागे होती. उद्या बाबांचं नाव सांग. आधी मला वाटलं सिद्धेशच्या घरचे काही बोलले असतील. तर नाही. हळद तूच पहिली लावायचीस, कोण काय बोलतं ते मी बघते, म्हणाली. मग तुला हे कशाला हवंय, मी विचारलं. तेव्हा खाली बसली माझ्यासमोर, बांबूंच्या मध्ये.

"आई, मी गेल्यावर तू एकटी त्या दाराकडे बघत बसणार. रोज. मला माहेरी येऊन ते बघायचं नाहीये. बाबांना हाक मार. माझ्यासाठी मार."

मी म्हटलं, तुझा बाप गेलेला नाही. ती म्हणाली, तुला कसं माहीत? मी म्हटलं, गेलाय हे तुला कसं माहीत? त्यावर ती उठली. तोंड धुवायला म्हणून गेली ती नळ सोडून कितीतरी वेळ आतच. मी बाहेरून बोलले, दगड आहेस तू दगड. बोलायला नको होतं. रविवारी ती जाणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उंबराची फांदी आणली. मांडव उभा राहिला. बायका बसल्या, रतनआत्या मध्ये, तिच्या मांडीला मांडी लावून मी. तिने वेशीवरचा देव बोलावला, डोंगरावरची आई बोलावली, खाडी बोलावली. मग माझ्याकडे वाकली. मी सासरे सांगितले. सखाराम आले. सासू सांगितल्या. हिराबाय आली. मग तिने परत कान पुढे केला. अजून कोन?

रुचिता खांबाला धरून उभी होती. माझ्याकडे बघतच नव्हती. पाय बघत होती स्वतःचे. हळदीच्या आधीच एवढीशी झालेली दिसली मला. माझं पोरगं माझ्या काळजीने असं वाळायला लागलं तर मी कसली आई!

सांगितलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. आत्याने कान आणखी जवळ आणला. दुसऱ्यांदा सांगितलं.

तिने डोळे मिटले. गाणं थांबलं. सगळ्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या. मग तिने चाल उचलली, तीच चाल. "पोपट रं, पोरीचे मांडवान ये —" आणि तिथे तिचा आवाज तुटला. आयुष्यात पहिल्यांदा तुटला असेल. मागच्या बायकांनी ओळ उचलून धरली आणि तिला पुढे नेलं. भावोजी बांबूमागे जाऊन रडत होते. रुचिता आत पळाली, तिचा हंबरडा बाहेर ऐकू आला.

मी रडले नाही. खरं लिहू? बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे कुठे आहेत ते मला माहीत आहे. इथे आहेत. पोरीच्या मांडवात आलेत, सासऱ्यांच्या बाजूला बसलेत, ढोल मागतायत.

१५ फेब्रुवारी. हळद

जाऊबाई वाटी घेऊन पुढे झाल्या. रुचिताने माझा हात धरून वाटीत बुडवला आणि स्वतःच्या गालाला लावला. जाऊबाईंनी वाटी तशीच धरून ठेवली. आत्याने गाणं मोठं केलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लग्न पार पडलं. पोर डोंबिवलीला गेली. मांडव सोडला. बांगड्या मी आज काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी कडी लावून झोपले. आमचं दार दिवसा कधी बंद नसायचं. गाढ झोप लागली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रुचिता पाचपरतावणाला आली. सिद्धेशला बाहेर बसवून आत आली आणि माझ्या पायाशीच बसली. म्हणाली, "आई, बाबा वेरावळला आहेत. मी ऑफिसचं काम सांगून नवरात्राच्या आधीच जाऊन भेटून आलेय. फोनवर तिकडच्या मिरवणुकीचा व्हिडिओ आलेला, ढोलावरचा हात ओळखला मी. तिकडे बायको आहे त्यांची. मुलगा आहे. म्हणाले, आईला सांग मी मेलो. पण मला ते तोंडाने नाही गं सांगता आलं."

मला सांगता आलं नाही म्हणून तुझ्याकडून वदवलं, असं म्हणून माझ्या मांडीत डोकं खुपसून रडत होती. आता पोटात ठेवून घास उतरेना, म्हणाली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिच्या मानेवरची हळद अजून गेलेली नव्हती. आत्याला काय सांगायचं ते सुचत नाही.

पोपट जिवंत आहे! मी उठून आधी देवापुढे साखर ठेवली. राग अजून आलेला नाही.